तिकीट या पाकिटाचं नव्हे

४ फेब्रुवारी

भिंग्या,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं यातच सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. 'मित्रवर्य' लिहिलं तर त्यावर दौत उपडी करावीशी वाटली. शेवटी कवितेच्या मास्तरांनी तुला वर्गात दिलेलं नावच बरं. सगळा वर्ग खिडकीतून ढग बघायचा आणि तू भिंग घेऊन बाकावरची मुंगी बघायचास. अजून तेच करतोस. मुंगी तेवढी बदलली.

वडिलांच्या पाकिटावर परीक्षक म्हणून दिलेलं तुझं मत मिळालं. संग्रहालयानं नक्कल पाठवली. तू स्वतः कळवायचे कष्ट कशाला घेशील! 'लिफाफ्यावरील तिकीट या लिफाफ्याचे नव्हे. छेडछाड झाली आहे. सबब नाकारला.' खाली सही, पट्टी ठेवून मारल्यासारखी. माणसाच्या बापाबद्दल लिहिताना हात थोडा तरी हलावा रे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण ऐकून घेणं हा तुझा प्रांत कधीच नव्हता. माझे वडील पलीकडच्या बंदरात कामाला होते. आईला पत्र टाकायला धक्क्यावर गेले आणि तिथे कळलं की सुटणाऱ्या आगबोटीत एक जागा आहे. पाकिटाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'जागा मिळाली. याच बोटीने निघतो. अलीकडच्या धक्क्यावर उतरून दोन दिवस काम आहे, पत्र आधी पोचेल.' पाकीट पेटीत टाकलं आणि चढले. रात्रीत बोट बुडाली. यादी आधीच बंद झालेली, तिच्यात त्यांचं नाव नाही. देहही मिळाला नाही. मिळालं ते हे पाकीट. पाणबुड्यांनी टपालाची पोती वर काढली, टपालखात्यानं एकेक पत्र वाळवलं, त्यावर जांभळा शिक्का मारला, 'बुडालेल्या बोटीतून काढलेले', आणि घरोघर पोचवलं. आतला कागद लगदा झाला होता. पत्त्याची शाई फुटली होती. पाठीवरची पेन्सिल मात्र जशीच्या तशी.

आता बंदरावर बुडालेल्यांची भिंत उभी राहते आहे. ज्यांचा पुरावा आहे त्यांचंच नाव तिच्यावर कोरणार. माझ्याकडे पुरावा म्हणून हे एकच पाकीट. संग्रहालयातली मुलगी गोड आहे. म्हणाली, "काका, मला तुमचं पटतंय हो. पण परीक्षकच नाही म्हणाले तर मी कुणाला काय सांगू?"

म्हणजे काय झालं, कळतंय तुला? माझे वडील बोटीत नव्हते असं झालं. म्हणजे आमची आत्या सत्तर वर्षांपूर्वी म्हणाली तेच खरं ठरलं: ते कुठे बुडाले नाहीत, बायकोला कंटाळून निघून गेले. आत्या वारली, आई वारली, ती गोष्ट एकदाची विझत आली होती. तू तिच्यावर फुंकर घातलीस. तुझ्या एका ओळीनं माझा बाप दुसऱ्यांदा घर सोडून गेला.

मत बदल. नाहीतर आपल्या तिकीटसंग्राहक मंडळाच्या सभेत येऊन मी असा काही बोलेन की तुझ्या कपाटातली सगळी भिंगं तडकतील.

कवी
(हे नाव तूच चिडवायला ठेवलं होतंस. मी ते मिरवतो.)

११ फेब्रुवारी

भिंग्या,

तुझं कार्ड आलं. लोक मयताला चार ओळी जास्त लिहितात.

'कवी, रागावल्यानं लिफाफा खरा होत नाही. जांभळा शिक्का खरा, पाण्याचे डाग खरे. पण तिकिटाच्या डाव्या हाताला कागदावर टपालाच्या शिक्क्याची जी कमान आहे, ती तिकिटावरच्या कमानीशी जुळत नाही. ते दोन वेगळे शिक्के आहेत. तिकीट घरगुती खळीनं चिकटवलं आहे. एक गोष्ट बदललेली असली की बाकीच्यांची हमी मी देऊ शकत नाही. तुझ्या घरी पाकीट हातात घेतलं होतं तेव्हाच हे दिसलं होतं. तिकीट उचलून खाली बघू दे, मग पुन्हा मत देतो.'

तेव्हाच! अरे, त्याला तीस वर्षं झाली! त्या संध्याकाळी मी किती हौसेनं ते पाकीट तुझ्यापुढे ठेवलं होतं. तू उजेडाकडे धरलंस, उलटं केलंस, खाली ठेवलंस आणि कपातला चहा अर्धा टाकून निघालास. नंतर आमच्या दाराची पायरी चढला नाहीस. मला वाटलं, माझ्याकडे अशी वस्तू आहे याची तुला पोटदुखी झाली. बायकोला मी तसंच सांगितलं. ती म्हणायची, "तुम्ही एकदा विचारा तरी." मी म्हणायचो, त्यानं विचारावं. ती गेली तेव्हाही तू आला नाहीस. आणि आज कळतं की तू मूग गिळून बसला होतास! माझ्यावर दया केलीस? तुझी दया तुझ्याच आल्बममध्ये चिकटव, चारी कोपऱ्यांना तिकिटाच्या कागदी बिजागऱ्या लावून.

आणि तिकीट उचलायचं म्हणे! भांड्यावरचं लेबल आहे का ते? आईनं ते पाकीट ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवलं होतं. आम्हाला ते हातात मिळायचं नाही, नुसतं बघायला मिळायचं. मोठं, चित्राचं तिकीट. त्याच्यावर एक डोंगर आणि एक झाड. मी त्या डोंगराकडे बघत कितीतरी दुपारी घालवल्या. मास्तरांनी आपल्याला स्वतः रचलेली नावेची कविता शिकवली होती, आठवते?

नाव निघाली, नाव निघाली, दूर दिव्यांची रांग,
ऐलतिरीच्या आईला रे, येतो म्हणुनी सांग.

तू बोटांवर मात्रा मोजून म्हणालास, "सर, दोन्ही ओळी बरोबर बसतात." मला तेव्हा पुढचं दिसतच नव्हतं, डोळे भरून आले होते. सर तुझ्याकडे बघून म्हणाले, "मोजणी बरोबर आहे रे, पण नाव कुठे गेली ते विचार की!" सगळा वर्ग हसला. तू नाही हसलास.

तुझ्या कार्डानंतर मी भिंग काढलं. पन्नास वर्षं तिकिटं जमवतो आहे मी, मलाही कमान म्हणजे काय ते कळतं. पण हल्ली माझे डोळे अधू झालेत आणि त्या दिवशी उजेडही नीट नव्हता. तेव्हा त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही.

अक्काकडे जातो आहे. माझी थोरली बहीण अजून धडधाकट आहे आणि तिची जीभ त्याहून धडधाकट आहे. तिला तुझं कार्ड वाचून दाखवतो. मग तू आहेस आणि ती आहे.

कवी

१७ फेब्रुवारी

भिंग्या,

अक्काला कार्ड वाचून दाखवलं.

ती शेंगा सोलत होती. 'तिकीट घरगुती खळीनं चिकटवलं आहे' इथपर्यंत आलो आणि तिचे हात थांबले. मला वाटलं, आता तुझा उद्धार होणार. मी तयारीत बसलो.

ती म्हणाली, "हुशार आहे हो तुझा मित्र."

"अक्का!"

"ओरडू नकोस. खळ मीच शिजवली होती. गुठळ्या झाल्या म्हणून आईनं टप्पल मारली होती."

बस. सत्तर वर्षं हिनं हे पोटात ठेवलं होतं, आणि काढलं कसं, तर मागच्या आठवड्यात भाजी आणायची राहिली म्हणून सांगावं तसं. मी काय काय बोललो ते तुला लिहीत नाही. तिला घरभेदी म्हणालो. ती म्हणाली, "बोलून झालं की सांग, मग मी बोलते."

तिनं सांगितलं ते असं.

पोस्टमननं पाकीट आणून दिलं तेव्हा त्यावर तिकीटच नव्हतं. कोपरा रिकामा. आईला त्याचं काय! ती पाठीवरची पेन्सिलीची ओळ धरून बसली होती. पण आत्या शेजारी उभी होती. तिनं पाकीट उचललं, मागून पुढून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नॉटपेड? बायकोला पत्र धाडायचं आणि तिकीटसुद्धा लावायचं नाही? मन उडालं की माणूस असाच वागतो. पत्र बोटीवर टाकलंय आणि आपण भलतीकडे गेलाय. येईल डोकं शांत झाल्यावर."

तेव्हा नॉटपेड पत्र म्हणजे काय होतं, तुला वेगळं सांगायला नको. लोक भांडण झालं की मुद्दाम नॉटपेड पत्र टाकायचे, घेणाऱ्याला दारात भुर्दंड आणि चार लोकांत शोभा. आत्यानं ते सांगितलं आणि गावानं ते धरलं. पाणवठ्यावर, दुकानात, लग्नाच्या मांडवात. "नॉटपेडवाली आली." माझ्या आईचं हे नाव होतं, भिंग्या. मला ते आजवर माहीत नव्हतं.

मग एका दुपारी आत्या झोपलेली असताना आईनं अक्काला खळ शिजवायला सांगितली. वडिलांच्या एका जुन्या पत्रावरचं तिकीट वाफेवर सोडवलं, त्यातल्या त्यात मोठं, ठसठशीत, आणि या पाकिटाच्या रिकाम्या कोपऱ्यावर लावलं. शिक्का त्याच्यावर आधीचाच होता. दुसऱ्या दिवशी आत्यापुढे पाकीट धरलं. "नीट बघा वन्सं. त्या दिवशी ओलं होतं, तिकीट चुरगळून मागे वळलं होतं. तुम्हाला दिसलं नाही."

"मग? आत्या काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हणणार? 'असेल' म्हणाली. आणि बाहेर जे बोलत होती ते बोलतच राहिली."

मी अक्काला विचारलं, एवढा आकस का? भाऊ तिचा, आणि त्याच्याच नावाला काळं फासायचं? अक्का माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तशी बघत राहिली. "अरे वेड्या, आकस कसला? तिला भाऊ जिवंत हवा होता. बोटीत होता म्हटलं की तो गेला. निघून गेला म्हटलं की कधीतरी येतो. आता निघून जायला काहीतरी कारण नको का? मग आई नावडती झाली."

त्यानंतर मी शेंगा सोलल्या. पण राग गेला असं समजू नकोस. आता तो कुणावर काढायचा तेच कळेना, एवढंच. आत्या नाही, आई नाही. अक्का ब्याऐंशीची. उरलास तू.

तू 'छेडछाड' लिहिलंस. मुद्दाम सांगतो, छेडछाड करणारी बाई एकोणतीस वर्षांची होती, आणि तिला दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला उत्तर द्यायचं होतं.

तिकीट मी उचलणार नाही. वडिलांचं नाव भिंतीवर नाही आलं तरी चालेल.

कवी

२३ फेब्रुवारी

भिंग्या,

तिकीट उचललं.

अक्कानं उचलायला लावलं. फोनवर म्हणाली, "आईनं लावलं ते वडिलांचं नाव राहावं म्हणून ना? आज तेच आड येत असेल तर ती स्वतः नखानं खरवडून काढेल. तू कोण तिच्या कामाचा पुजारी?" मी म्हटलं, अक्का, खाली डाग सलग नसला तर? पाकीट पाण्यात गेलंच नव्हतं असं निघालं तर? ती म्हणाली, "तर तुझा मित्र जिंकला. मग तरी पत्रं लिहिणं थांबेल तुझं."

तुझ्या दुसऱ्या कार्डातल्या सूचना अक्षरशः पाळल्या. (सूचना द्यायला तुला जागा पुरते, बरं का. दोन्ही बाजू भरल्यास.) आधीचे आणि नंतरचे फोटो हवेत म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला अक्काच्या घरी बोलावलं. त्यानं दिवे लावले, अक्काची खुर्ची सरळ केली आणि म्हणाला, "आजी, जरा हसा." अक्का म्हणाली, "अरे बाबा, फोटो माझा नाही, पाकिटाचा." तो बिचारा पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग याला उभं करू का?"

स्वयंपाकघराच्या टेबलावर टिपकागद ओला करून पिळला, तिकिटावर ठेवला, वर काच. वाट पाहिली. अक्का मधेच काच उचलायला बघायची, मी तिच्या हातावर चापट मारायचो. माझे डोळे अधू, म्हणून चिमटा तिलाच दिला. ब्याऐंशीचा हात, पण सुईत दोरा ओवणारा. तिनं एक कोपरा सोडवला, मग दुसरा. तिकीट आपल्या आपण सुटलं, अजिबात न फाटता.

खाली खळीचा पिवळा थर होता. तो ओल्या कापसानं टिपला. आणि मग जे दिसलं ते तू आता फोटोत बघतोच आहेस, पण मला लिहू दे.

पाण्याचा डाग सलग होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे कुठेही तुटला नव्हता.

आणि ती कमान. डाव्या हाताची, जिच्यावरून तू आम्हाला खोटं ठरवलंस ती. ती आईच्या तिकिटाखालून तशीच पुढे जात होती, आणि मग एका जागी थांबली होती. विरून नव्हे, फुटून नव्हे. सुरीनं कापल्यासारखी, सरळ रेषेत. त्या रेषेपलीकडे एक छोटा चौकोन, बाकी कागदापेक्षा जरा उजळ, शाईचा थेंबही नसलेला.

अक्का म्हणाली, "हे काय रे?"

मला तिला सांगताच येईना. तू असतास तर एका वाक्यात सांगितलं असतंस. अरे, टपालवाला शिक्का मारतो तो अर्धा तिकिटावर पडतो, अर्धा कागदावर. इथे समुद्रात तिकिटाचा डिंक विरघळला, तिकीट सुटलं, आणि शिक्क्याचा आपला वाटा घेऊन गेलं. मागे राहिला तो त्याचा रिकामा साचा. लहान, साधं, रोजच्या वापराचं तिकीट. वडिलांनी ते लावलं होतं. त्यांनी लावलं होतं, भिंग्या! पत्र नॉटपेड नव्हतंच.

आत्याच्या तोंडावर फेकायचा पुरावा त्याच कोपऱ्यात होता. कुणी भिंग घेऊन बघितलं असतं तर तिथेच दिसला असता. आणि आईनं त्याच्यावरच मोठं डोंगराचं तिकीट लावून तो झाकला. स्वतःच्या हातानं. मरेपर्यंत तिला वाटत राहिलं की नवरा तिकीट लावायला विसरला आणि आपण त्याचं झाकलं.

मी टेबलावर मूठ आपटली. काचेला तडा गेला. स्टुडिओवाला दिवे आवरून निघाला, पैसे नंतर पाठवा म्हणाला.

अक्का उठली. तिच्या बैठकीच्या खोलीत आत्याचा फोटो आहे. त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी कडक बोलेल. पण ती फक्त म्हणाली, "वन्सं, तिकीट होतं हो." आत्याला वन्सं आई म्हणायची. अक्कानं कधीच म्हटलं नव्हतं.

पाकीट रजिस्टरनं पाठवतो आहे, तपासून घे. पण ऐक. तुझं नवं मत कसं असेल ते मी आत्ताच सांगतो: 'लिफाफा खरा. तिकीट नाही.' तुम्हा लोकांची तीच रीत. भिंग्या, ते शब्द लिहू नकोस. माझ्या आईनं ते शब्द जन्मभर ऐकले. भिंतीशेजारी काचेत पाकीट ठेवणार आहेत, त्याच्याखाली ते छापून लोकांना वाचायला लावू नकोस. तुझ्या भाषेत खोटं बोल असं मी म्हणत नाही, तुला ते येतही नाही. पण जे दिसतं आहे ते सगळं लिही. तिकीट होते, एवढं लिही. आणि 'छेडछाड' खोड. खोडल्याची खूण राहू दे, मला ती बघायची आहे.

आईचं तिकीट पाठवत नाही. ते तुझ्याकडे तपासायला नाही.

कवी

३० मार्च

भिंग्या,

मत मिळालं. या वेळी थेट मला पाठवलंस. 'लिफाफा खरा, बुडालेल्या बोटीतील. मूळ तिकीट लावलेले होते; शिक्क्याच्या खंडित कमानीवरून सिद्ध. ते पाण्यात सुटले. पुढे पत्नीने दुसरे तिकीट लावले होते, ते काढले आहे.' जुन्या मतातला 'छेडछाड' हा शब्द आडवी रेघ मारून खोडलेला. पट्टी ठेवूनच मारली आहेस रेघ. असो.

'पत्नीने' हा शब्द मी मागितला नव्हता. तो तू आपणहून घातलास. त्याबद्दल आभार मानायला माझी जीभ वळत नाही. तीस वर्षांपूर्वी तोंड उघडलं असतंस तर आई होती. तिला हा साचा दाखवता आला असता. मी तुझ्यावर त्या संध्याकाळी भडकलो असतो, घराबाहेर काढलं असतं, आणि आठवड्याभरात तिकीट उचललं असतं. तू मला जपलंस आणि ती तशीच गेली. हे मी तुला माफ करणार नाही, तेव्हा वाट बघू नकोस. पण चहाला ये. रागवायला माणूस समोर असलेला बरा. टपालात सगळं उशिरा पोचतं.

परवा भिंत खुली झाली. अक्काला घेऊन गेलो. नावं अक्षरक्रमानं कोरली आहेत. आमचं उशिरा मंजूर झालं म्हणून सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत, क्रमाबाहेर. मी त्या मुलीवर तडकलो. एवढी वर्षं थांबलो आणि वर तळाला? ती घाबरली, म्हणाली, "काका, दगड आधीच कोरून झाला होता हो."

आणि एक गोष्ट तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. लहानपणी मी आत्यावर चिडायचो, पण रात्री तिचंच खरं धरून झोपायचो. त्या तिकिटावरच्या डोंगरापलीकडे कुठेतरी ते आहेत, एक दिवस झाडाखालून चालत येतील. सत्तरी ओलांडली तरी त्यातलं थोडं उरलं होतं. वडील बोटीत होते हे सिद्ध करायला मी जंग जंग पछाडलं, तुझ्याशी भांडलो, आणि ते सिद्ध झालं. दगडावर कोरलेलं त्यांचं नाव बघताना मला कळलं, आपण त्यांना बुडवून आलो.

मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. अक्का खाली वाकली. गुडघे कुरकुरले तिचे, पण ती वाकली आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मी पुन्हा सुरू केलं, तळाला टाकलंय, क्रम मोडलाय, अर्ज करतो.

"गप रे," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी आले होते ना धक्क्यावर? चढले एकदाचे."

कवी